मोटारीतली बाई

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला स्वतःचा मोबाईल नंबर आहे. माझ्या बायकोला स्वतःचा नंबर लग्नानंतर चार वर्षांनी मिळाला, मोटारीला बसवल्या दिवशीच मिळाला. हा मुद्दा घरात वर्षातून दोनदा तरी निघतो आणि दोन्ही वेळा माझ्याकडे उत्तर नसतं.

विहीर वावीच्या बाजूला. म्हणजे सिन्नर तालुक्याच्या त्या अंगाला, जिथं ढग येतात, बघतात आणि पुढे निघून जातात. विहीर सामाईक. तात्या, नाना आणि आमचे आण्णा अशा तिघा भावांत दोन-दोन दिवसांची पाळी. मी स्वतः मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर सेन्सर, रिले, कॉन्टॅक्टर यांच्याशी माझी हुज्जत चालते, त्यामुळे घरातली वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की ती माझी चूक धरली जाते.

मोटारीच्या त्या डब्याला कंपनीनं काहीही नाव दिलं असो, गावात त्याला 'मोबाईल ऑटो' म्हणतात. स्टार्टरच्या शेजारी एक डबा, आत सिमकार्ड, बाहेर उंदराच्या शेपटीएवढी अँटेना. आपण घरून फोन लावायचा. आतून एक बाई सांगते, थ्री फेज लाईट आहे की नाही, मोटार चालू की बंद. एक दाबलं की चालू, दोन दाबलं की बंद. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की दीड वाजता अंथरुणातून उठून, बॅटरी घेऊन, बिबट्याला ऐकू जाईल अशा बेतानं खोकत विहिरीपर्यंत जायचं आणि तिथं कळायचं की एक फेज गायब आहे. म्हणून हा डबा. तालुक्यात आता इतक्या मोटारींना फोन आहेत की मोटारींचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तरी मला नवल वाटणार नाही.

डबा बसवायला आलेल्या पोरानं पहिलाच प्रश्न अवघड विचारला. "मालकाचा नंबर सांगा."

डब्याची रचना अशी की पहिला नंबर टाकाल तो मालक, पुढचे चार सभासद. सभासदांनी मोटार चालू-बंद करायची. पण कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं हे मालक ठरवणार आणि लाईट आल्या-गेल्याचे फोनही मालकालाच जाणार. तिघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. ज्या प्रश्नाला चाळीस वर्षांत एकाही तलाठ्यानं हात घातला नव्हता, तो त्या पोरानं चहा पिता पिता काढला होता.

"मालक आमचे दादा," तात्या म्हणाले. दादा म्हणजे आमचे आजोबा. सातबारा अजून त्यांच्या नावावर, मोटारीचं बिल त्यांच्या नावावर. सिमकार्डही त्यांच्याच नावावर घ्यावं म्हणजे पुढे तंटा नको, असं तिघांचं एकमत झालं. एकमत झाल्याचा तो दुर्मीळ प्रसंग. मी मोबाईलच्या दुकानात जाऊन तसं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "चालेल की. त्यांना फोटोला घेऊन या."

दादांना जाऊन 19 वर्षं झाली आहेत.

शेवटी सिम माझ्या नावावर आणि मालक म्हणून तात्यांचा नंबर, असा तह झाला. डबा बनवणाऱ्याच्या डोक्यात एक माणूस, एक मोटार, एक फोन असा सरळ हिशेब होता. एकत्र कुटुंबासाठी त्यात बटण नाही. परिणामी पाळी नानांची असली तरी रात्री दीडला फोन वाजतो तो तात्यांचा. तात्या जागे होतात, बाईंचं पूर्ण ऐकून घेतात, "बरं बरं" म्हणतात आणि पुन्हा झोपतात. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला उत्तर द्यायचं नसतं हे त्यांना माहीत आहे, पण घरी फोन करणाऱ्या बाईमाणसाशी न बोलता फोन ठेवणं त्यांच्या वळणात बसत नाही. काकूंनी सुरुवातीला एक-दोनदा तो फोन स्वतः उचलला. "लाईट आली आहे" एवढं ऐकून "मग आम्ही काय करू?" असं विचारलं आणि ठेवून दिला. तेव्हापासून त्या मोटारीचा उल्लेख 'तुमच्या त्या बाई' असा करतात.

गेल्या वर्षी तात्या संगमनेरला लग्नाला गेले होते. मांडवात बाईंचा फोन आला. वाजंत्रीत ऐकू येईना म्हणून तात्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली, त्यात सभासद काढण्याचं बटण दाबलं गेलं आणि नाना निघाले. संध्याकाळी नानांनी फोन लावला तर बाई म्हणाल्या, आपण अधिकृत वापरकर्ते नाही आहात. नानांनी कोणाला काहीच विचारलं नाही. चार दिवस ते तात्यांच्या ओट्यावर आले नाहीत. "थोरल्यानं मला विहिरीतून काढलं" ही बातमी मात्र भावकीतून फिरत मुसळगावात माझ्या कानावर आली. मी जाऊन त्यांचा नंबर पुन्हा घातला, दोघांना समोरासमोर बसवून बाईंचा आवाज ऐकवला. नाना म्हणाले, "ठीक आहे, पण बटण होतं म्हणजे मनात होतं."

ह्या सगळ्याचं मूळ शोधत गेलं तर ते झेरॉक्सपाशी निघतं. आपल्याला झेरॉक्स म्हटलं की तहसील कचेरीसमोरची टपरी आठवते, पण त्या कंपनीची कॅलिफोर्नियात पालो आल्टोला 'पार्क' नावाची प्रयोगशाळा होती. तिथं मार्क वायझर नावाच्या गृहस्थांनी 1988 च्या सुमारास 'युबिक्विटस कंप्युटिंग' हा शब्द काढला. मराठीत त्याला सर्वव्यापी संगणन म्हणतात. सर्वव्यापी हा शब्द आम्ही तोवर फक्त कीर्तनात ऐकला होता. 1991 च्या सप्टेंबरात 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा लेख आला. म्हणणं असं की संगणक टेबलावर बसवून त्याच्याकडे बघत राहणं हा पोरखेळ झाला. तो घरात, भिंतीत, वस्तूंत मीठ लोणच्यात मुरावं तसा मुरला पाहिजे. काही इंचाचे, काही फुटाचे, काही वाराचे असे संगणक करायचे, आणि एकेका खोलीत नुसते इंचाचेच शंभराहून जास्त. आपण आपलं काम करत राहायचं, त्यांची आठवणही यायची नाही.

त्यांनी दाखला दिला होता तो मोटारीचाच. पूर्वी कारखान्यात एकच मोठं इंजिन असे आणि पट्टे लावून त्याच्यावर सगळी यंत्रं फिरत. पुढे विजेच्या मोटारी लहान आणि स्वस्त होत गेल्या. वायझरनी एका साध्या कारचं मॅन्युअल चाळलं तर तिच्यात 22 मोटारी आणि 25 सोलेनॉइड निघाले. चालवणाऱ्याला त्यातली एकही माहीत नसते. तसेच संगणकही दिसेनासे होतील.

लेख मी कारखान्यात रात्रपाळीला वाचला आणि मला आमची साडेसात एचपीची पाणबुडी आठवली. ती साठ फूट खाली पाण्यात आहे, म्हणजे दिसेनाशी तर ती पहिल्या दिवसापासून आहे. पण तिची जेवढी आठवण काढली जाते तेवढी घरात कोणाचीच काढली जात नाही, परदेशी गेलेल्या आतेभावाचीसुद्धा नाही.

वायझर 1999 मध्ये गेले, वयाच्या 46 व्या वर्षी. त्यांना सिन्नर बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं. त्यांचं एक वाक्यही खोडायची गरज नव्हती, फक्त "लाईट असेल तर" एवढं प्रत्येक वाक्याआधी घालावं लागलं असतं.

लाईटीवरून आठवलं. मोबाईलच्या आधीचा जो साधा ऑटो स्विच होता, त्याचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. लाईट आली की आपली मोटार आपोआप चालू. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं यासारखी शहाणी वस्तू नाही. पण एका डीपीवर पंधरा मोटारी, पंधरांना ऑटो. लाईट आली की त्याच क्षणी पंधराच्या पंधरा मोटारी एकदम दचकून उठतात. मोटार चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज बसतं, डीपी गुरगुरतो आणि एखाद दिवशी उडतो. मग आठ-दहा दिवस कोणालाच पाणी नाही. म्हणून महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. लोक मान डोलावतात आणि मनात म्हणतात, बाकीच्या चौदांनी काढले की मी काढतोच. पंधरा शहाण्या वस्तू एका खांबाला बांधल्या तर एक मूर्ख वस्तू तयार होते, आणि तिचा आवाज फार मोठा येतो.

डब्यातही सगळं बाईंच्या हाती नसतं. एकदा बाई ठामपणे सांगत होत्या की मोटार चालू आहे, आणि पाण्याचा थेंब नव्हता. मी डबा उघडला तर कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये एक पाल वाळून चिकटलेली. 1947 च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेमध्ये पतंग सापडला होता. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं वहीत लावून ठेवला आणि ती वही आता अमेरिकेत संग्रहालयात आहे. मी पाल काढून बांधावर टाकली. आण्णा म्हणाले, पाल अंगावर पडली नाही ना? नाही म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाले.

आता एक गोष्ट मला वायझरना दाखवायचीच होती. त्यांनी आणि जॉन सीली ब्राउन यांनी पुढे 'शांत तंत्रज्ञान' असा विचार मांडला. यंत्रानं येता-जाता हटकू नये, डोळ्याच्या कोपऱ्यात राहून हवी तेवढीच खबर द्यावी. याचा नमुना म्हणून ते नताली जेरेमिजेन्को या कलावतीनं केलेली एक दोरी सांगत. छताला छोटी मोटार, तिला लोंबणारी आठ फुटी प्लास्टिकची दोरी आणि मोटार कचेरीच्या नेटवर्कच्या केबलला जोडलेली. माहितीची ये-जा कमी असली की दोरी मधूनच थरथरायची, वर्दळ वाढली की गरगर फिरायची. कोणी तिच्याकडे मुद्दाम बघायचं नाही, पण सगळ्यांना कळायचं.

आमच्या विहिरीच्या खोलीवर आण्णांनी 1993 पासून तीन बल्ब लावले आहेत. एकेका फेजला एक. मळ्यातल्या घराच्या ओट्यावरून दिसतात. तिन्ही सारखे पेटले तर थ्री फेज आहे. एक मिणमिणता असला तर त्या फेजला काहीतरी झालंय, मोटार लावायची नाही. तिन्ही पिवळट दिसले तर व्होल्टेज कमी. आण्णा भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान न वळवता सांगतात, "मधला गेला." ना सिम, ना रिचार्ज, ना मालक, ना सभासद. मोबाईल ऑटो बसल्यावर मी ते बल्ब काढायला निघालो होतो. आण्णा म्हणाले, "राहू दे. बाई खोटं बोलली तर विचारायचं कोणाला?"

घरातली कथा वेगळी. आमचं सिन्नरातलं घर वावी वेशीजवळ, जुनं, दगडमातीचं. भिंती दोन-दोन फुटी. ज्यांनी त्या बांधल्या त्यांनी चोर, ऊन आणि आवाज आत येऊ नये असा विचार केला होता. वायफायचा विचार त्यांच्या मनात आला नाही, पण अडवायचं म्हणून ठरवलं असतं तरी याहून चांगली भिंत जमली नसती. राउटर माजघरात देव्हाऱ्याशेजारी. त्याच्यावर धूळ बसते म्हणून बायकोनं क्रोशाचा रुमाल घातला, तो तापतो म्हणून मी काढला, तिनं पुन्हा घातला. रेंज देवघर ते स्वयंपाकघराचा उंबरा. उंबऱ्यापलीकडे गॅसजवळ पाककृतीचा व्हिडिओ थांबतो आणि गोल फिरत राहतो, त्यामुळे आमच्याकडे कुठलाही नवा पदार्थ अर्ध्यापर्यंत त्या बाईंच्या पद्धतीनं आणि पुढे आमच्या पद्धतीनं होतो. लहरी अडवायला भिंतच लागते असंही नाही. साधी पानंसुद्धा रेडिओलहरी पितात, कारण पानात पाणी असतं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी नाशिकला सुलाच्या द्राक्षबागेत 'ॲग्रिसेन्स' नावाचं बिनतारी सेन्सरांचं जाळं लावलं होतं, मातीतला ओलावा, हवेतला दमटपणा बागेतच मोजायला. बागेचं एक दुखणं असं की आज रिकामा दिसणारा मांडव पानं फुटल्यावर हिरवी भिंत होऊन बसतो. पीक जोमात आलं की रेंज कोमात जाते.

झेरॉक्सच्याच कीथ एडवर्ड्स आणि रिबेका ग्रिंटर यांनी 2001 मध्ये एक निबंध लिहिला होता: घरात हे संगणन आणायचं तर कोणत्या सात अडचणी येतील. त्यातली एक मला भिंतीवर लिहून ठेवावीशी वाटते. कारखान्यात यंत्रणा सांभाळायला माणूस असतो, घरात कोण सांभाळणार? उत्तर सोपं आहे. बंटी. बंटी माझा पुतण्या, नोकरीला हिंजवडीला. तो दिवाळीत येतो, घरात दोन नव्या वस्तू लावतो, पासवर्ड ठेवतो आणि भाऊबीजेनंतर निघून जातो. उरलेले अकरा महिने घर त्याच्या आठवणीवर चालतं.

"काकू, राउटरच्या पुढं हिरवा लाईट लुकलुकतोय का बघा."

"लुकलुकतोय."

"छान."

"पण तो केशरी आहे."

"मग हिरवा कुठं आहे?"

"हिरवा म्हणशील तर देवापुढची माळ आहे हिरवी. ती लुकलुकतेय."

अशा संवादाला आमच्याकडे दुरुस्ती म्हणतात. तो पूर्ण होईपर्यंत मीटरवरून लाईट जाते आणि परत येते, तेवढ्यात राउटर आपोआप बंद-चालू होतो आणि नेट सुरू होतं. बंटीला वाटतं त्यानं केलं. बायकोला वाटतं देवानं. मी मधला माणूस, मला कोणी विचारत नाही.

घरापलीकडे तर यंत्रांना आपलं शरीरही लागायला लागलं. सिन्नर हे विड्यांचं गाव. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं आणि मजुरी हजारावर. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी हे पंचेचाळीस वर्षं केलं. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा मावशींचा अंगठा त्याला दिसेना. उजवा झाला, डावा झाला, मग तर्जनी, मग मधलं बोट. दुकानदारानं ओल्या फडक्यानं पुसायला लावलं, मग कोरडं करायला लावलं, मग डोक्याला घासून थोडं तेल लावायला सांगितलं. रांगेतला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवत होता, जणू बोट उचकी लागून बसलं होतं. मशीन दर वेळी म्हणे, ह्या त्या नव्हेत. मावशींनी अंगठा निरखून पाहिला. गुळगुळीत, भांड्याच्या बुडासारखा. म्हणाल्या, "रेघा विड्यांत गेल्या बाबा. ओढणाऱ्यांकडं मागा." आता डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते म्हणतात. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी डोळा मशीनला दाखवला नाही. दोन्हींकडून नाही ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

त्यापेक्षा 2015 च्या सिंहस्थातली चटई बरी होती. नाशिकच्या निलय कुलकर्णी या शाळकरी मुलानं आणि त्याच्या सोबत्यांनी पायाचा दाब ओळखून माणसं मोजणारी चटई केली होती, 'अशिओटो' नावाची. गर्दी कुठं साचतेय ते वेळीच कळावं म्हणून. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, ते नाशिक विसरलेलं नाही. त्या चटईचं मला आवडलं ते हे की ती कोणाचंही नाव विचारत नव्हती. पाऊल पडलं, एक. झालं.

समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर टप्पा 2023 च्या मे महिन्यात सुरू झाला आणि तालुक्याला टोलनाक्यावर न थांबण्याची सवय लावायची वेळ आली. फास्टॅगचं सूत्र असं की टॅग काचेला चिकटवायचा आणि विसरायचा. नानांनी तो पिकअपच्या काचेला चिकटवला नाही. सहाशे रुपये भरलेली वस्तू उन्हात कशी ठेवायची? ते तो प्लास्टिकच्या पिशवीत, आरसीबुकात, गादीखाली ठेवतात आणि नाका आला की काढून यंत्राला दोन्ही हातांनी ओवाळल्यासारखा दाखवतात. 2025 मध्ये महामार्ग प्राधिकरणानं असे हातातले टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं, तेव्हा नानांना मनापासून वाईट वाटलं. "चिकटवलेल्याचेच जास्त पैसे कापत असतील," म्हणाले.

पण आमच्या घराण्यातला सगळ्यात हुशार संगणक म्हणजे कांदा चाळीवरचा कॅमेरा. गेल्या दिवाळीतली बंटीची भेट. हा नुसतं चित्र दाखवत नाही, काय दिसतंय ते सांगतो. माणूस दिसला तर फोनवर 'व्यक्ती आढळली', जनावर दिसलं तर 'पाळीव प्राणी आढळला'. पहिल्या रात्री 37 व्यक्ती आढळल्या. सकाळी बघितलं तर चाळीमागच्या मक्यात बुजगावणं होतं आणि वारा होता. बुजगावण्याच्या अंगात माझा कंपनीचा जुना शर्ट, खिशावर नावासकट. ॲपनं विचारलं, ही व्यक्ती वारंवार दिसते, तिला नाव द्यायचं का? बंटीनं हिंजवडीतून माझं नाव दिलं. तेव्हापासून मी रोज रात्री शेतात असतो, अशी नोंद आहे. कधी कंपनीत हजेरीवरून वाद झाला तर हा पुरावा माझ्या बाजूचा की विरुद्ध, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि जानेवारीतल्या एका रात्री अकरा चाळीसला सूचना आली, 'पाळीव प्राणी आढळला'. तात्यांनी ती न बघताच घरच्या ग्रुपवर पुढं ढकलली आणि खाली लिहिलं, नाना, तुमची मांजर. नानांनी लिहिलं, मांजर इथं माझ्या पायाशी आहे. मग तिघांनी आपापल्या घरी चष्मे शोधले. चित्रात चाळीच्या कडेनं अंगावर ठिपके असलेलं, सावकाश, मालकासारखं चालत जाणारं एक जनावर होतं. शेपूट चित्राबाहेर गेली होती, एवढी लांब. सकाळी मातीत ठसे. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली, आत शेळी. त्या रात्री कॅमेऱ्यानं पिंजऱ्याकडे बघून सांगितलं, पाळीव प्राणी आढळला. कॅमेरा लावल्यापासून पहिल्यांदाच बरोबर.

बिबट्या काही पिंजऱ्यात आला नाही. त्यानं शेळीला बहुधा व्यक्ती समजलं असावं.

त्याच आठवड्यात लाईट रात्रीची होती आणि पाळी तात्यांची. एकटं जायचं नाही असं ठरलं, म्हणून मी काठी आणि बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. मी म्हटलं, "तात्या, मोटार घरून चालू होते ना? मग आपण कशाला?"

"मोटार होते," तात्या म्हणाले. "दारं कोण मोडणार? कांद्याच्या वाफ्यात पाणी काय बाई सोडणार आहेत?"

एवढे दिवस माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मोटार घरबसल्या चालू होते, पण वॉल फिरवायला, पाटाला पाणी आलं की एक वाफा भरला म्हणजे फावड्यानं त्याचं तोंड बुजवून पुढच्याचं उघडायला माणूस तिथं चिखलात लागतोच. आम्ही पोहोचलो. तिन्ही बल्ब पेटलेले होते. तात्यांनी बांधावर चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला आणि पाण्यात उतरले. बर्फासारखं पाणी. मी चारी बाजूंना बॅटरी फिरवत उभा. दूर चाळीपाशी माझा शर्ट वाऱ्यात हात हलवत होता.

सहा-सात वाफे झाले असतील. बल्ब लुकलुकले, मोटार थांबली आणि आपसूक पुन्हा चालू झाली. पाटात पाण्याचा आवाज परत आला. तेवढ्यात तात्यांच्या बंडीत फोन वाजायला लागला. त्यांनी फावडं काखेत धरलं, हात बंडीला पुसला, फोन काढून कानाला लावला. रात्रीच्या शांततेत बाईंचा आवाज मला बांधावर ऐकू आला. आपली मोटार चालू झाली आहे.

"माहितीये बाई," तात्या म्हणाले. "मी पाण्यातच उभा आहे."